गोल्फच्या जुन्या डिरेक्टऱ्या: कोणत्या रकान्यावर किती भरवसा ठेवावा

एखाद्या गोल्फ मैदानाचा इतिहास शोधायला बसलं की लवकरच एक जुनी डिरेक्टरी हाती लागते. क्लबचं नाव, स्थापनेचं साल, होलची संख्या, एकूण लांबी, सेक्रेटरीचं नाव, जवळचं रेल्वे स्टेशन, सगळं चार ओळींत मिळतं. शंभर वर्षांपूर्वीचं आणि छापील. नवखा अभ्यासक ती नोंद वहीत उतरवतो आणि 'हे मैदान अमुक साली बांधलं' असं लिहून मोकळा होतो. गोल्फच्या इतिहासातले निम्मे घोळ इथेच जन्माला येतात असं माझं मत आहे.

डिरेक्टरी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. उलट, तिच्याइतकं चिकाटीने दरवर्षी नोंदी करणारं दुसरं साधन नाही. पण एका नोंदीतला प्रत्येक रकाना वेगळ्या वाटेने छापखान्यात पोचलेला असतो. स्टेशनचं नाव एका वाटेने, लांबीचा आकडा दुसऱ्या, स्थापनेचं साल तिसऱ्याच. त्यामुळे अख्ख्या नोंदीवर एकदम विश्वास ठेवता येत नाही आणि ती एकदम झटकूनही टाकता येत नाही. रकाने सुटे करून वाचायचे, एवढंच इथे सांगायचं आहे.

पहिली पायरी: हातात काय आहे ते ओळखा

ब्रिटनपुरतं बोलायचं तर सुरुवात 'गोल्फिंग ॲन्युअल'पासून करा. पहिला खंड १८८७-८८ चा, लंडनच्या होरेस कॉक्स यांनी छापलेला. पुढचे खंड डेव्हिड स्कॉट डंकन यांनी संपादित केले आणि ही मालिका १९१० च्या आसपास थांबली. 'गोल्फर्स हँडबुक' १८९९ पासून सुरू होतं. 'निस्बेट्स गोल्फ इयर बुक' १९०५ ते १९१४ चं, त्याचे बहुतेक खंड जॉन लो यांच्या संपादनाखाली निघाले. अमेरिकेत हार्पर कंपनीचं १९०१ चं गोल्फ गाइड आहे, आणि १९१६ पासून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत निघालेलं 'अमेरिकन ॲन्युअल गोल्फ गाइड' आहे. यातले बरेच खंड इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर स्कॅन स्वरूपात वाचायला मिळतात.

खंड उघडल्याबरोबर प्रस्तावना वाचा. नवखे लोक ती ओलांडून थेट क्लबच्या पानावर जातात, तसं करू नका. माहिती कशी गोळा केली, कोणी उत्तर दिलं नाही, नोंदी कोणत्या महिन्यापर्यंतच्या आहेत, याचा सुगावा बहुधा तिथेच लागतो. जाहिरातीही पाहा. हॉटेल आणि रेल्वे कंपन्यांची पानं भरलेली असतील तर पुस्तक प्रवाशांसाठी काढलेलं आहे. प्रवाशाला स्टेशनपासूनचं अंतर आणि पाहुण्यांची फी बिनचूक हवी असते. मैदान कोणी आखलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि नोंदीतही नेमकं तेच दिसतं.

मुखपृष्ठावरचं साल आणि माहितीचं साल एक धरू नका. १९०६ चा खंड १९०५ मध्ये आलेल्या पत्रांवर बेतलेला असतो. क्लबने ते पत्र लिहिताना आदल्या हंगामाचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं असेल तर आणखी एक वर्ष मागे जावं लागतं.

दुसरी पायरी: नोंद कशी तयार व्हायची ते डोळ्यांसमोर आणा

संपादक मैदानावर जात नसे. माहिती मुख्यतः क्लबच्या सेक्रेटरीकडून पत्राने मागवली जाई. सेक्रेटरी उत्साही असला तर उत्तर लांबलचक आणि ताजं असे. तो आळशी असला, किंवा बदलून गेला असला, तर गेल्या वर्षीची नोंद मागील पानावरून पुढे चालू! म्हणून बंद पडलेला क्लब डिरेक्टरीत पुढे काही वर्षं जिवंत दिसतो आणि नवा क्लब एकदोन वर्षं उशिरा उगवतो.

दुसरी भानगड एकमेकांवरून उतरवून घेण्याची. तीन डिरेक्टऱ्यांत एकच साल सापडलं की आपल्याला वाटतं, तीन साक्षीदार मिळाले. पण तिघांनी एकाच पत्राची, किंवा दोघांनी पहिल्याची री ओढली असेल, तर साक्षीदार एकच. हे ओळखायला शब्दरचना पाहा. मैदानाच्या वर्णनातलं वाक्य जसंच्या तसं असेल, नावातली चूकही तीच असेल, तर ती नोंद स्वतंत्र नाही.

तिसरी पायरी: रकाने सुटे करा

मोठं काम इथेच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

*स्थापनेचं साल.* हा सगळ्यात फसवा रकाना. साल क्लबचं असतं, मैदानाचं नव्हे. 'ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबर्ग गोल्फर्स' हा क्लब १७४४ चा. तो आधी लीथला खेळायचा, १८३६ मध्ये मसलबरोला गेला आणि १८९१ मध्ये म्युरफील्डला आला. म्हणजे नोंदीत १७४४ दिसलं तरी आज आपण म्युरफील्ड म्हणून ओळखतो ते मैदान त्याहून जवळजवळ दीडशे वर्षांनी लहान आहे. शिवाय १९२० च्या दशकात मैदान-रचनाकार हॅरी कोल्ट यांच्या हाताखालून ते बऱ्याच अंशी बदललं, ती तिसरी तारीख.

अमेरिकेत हे आणखी ठळक दिसतं. शिकागो गोल्फ क्लब १८९२ चा, पण तेव्हा तो डाउनर्स ग्रोव्ह परिसरात बेलमाँटला होता. तिथेच १८९३ मध्ये १८ होल पूर्ण झाले, अमेरिकेतले पहिले. व्हीटनचं मैदान त्यानंतरचं, १८९५ च्या सुमाराचं, आणि १९२० च्या दशकात सेथ रेनर यांनी त्याची जवळपास नव्याने मांडणी केली. यॉंकर्सचा सेंट अँड्र्यूज क्लब १८८८ चा. तो एकाहून अधिक वेळा जागा बदलून १८९७ मध्ये हेस्टिंग्ज-ऑन-हडसनला स्थिरावला. अशा क्लबची नोंद '१८८८, १८ होल' अशी वाचली तर दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही त्यांची बेरीज खोटी ठरते. १८८८ मध्ये तिथे १८ होल नव्हते आणि तो क्लबही त्या जागी नव्हता.

म्हणून वहीत तीन वेगळे रकाने आखा: क्लब कधी स्थापन झाला, या जमिनीवर खेळ कधी सुरू झाला, आणि आजची मांडणी कधीची. डिरेक्टरी पहिल्याचं उत्तर देते. उरलेली दोन उत्तरं तुम्हाला दुसरीकडून मिळवायची आहेत.

स्थापनेच्या सालावर आणखी एक नजर ठेवा. ते आवृत्तीगणिक मागे सरकतं का? जुन्या खंडात १८९४ आणि दहा वर्षांनंतरच्या खंडात १८८९ दिसलं, तर मध्ये कोणीतरी 'आम्ही जास्त जुने' असं ठरवलेलं असतं. सहसा घटनेच्या जवळच्या काळातलं साल जास्त भरवशाचं.

*होलची संख्या.* तुलनेने चांगला रकाना, कारण खेळायला येणाऱ्याला ती लगेच कळते आणि खोटं चालत नाही. तरी '१८' म्हणजे स्वतंत्र अठरा की नऊ दोनदा, हे तपासा. १८९५ ची पहिली यूएस ओपन न्यूपोर्टच्या नऊ होलच्या मैदानावर चार फेऱ्या मारून खेळली गेली. न्यूयॉर्क राज्यातलं शिनेकॉक हिल्स १८९१ मध्ये बारा होलचं होतं. स्कॉटलंडचं प्रेस्टविकही ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या पहिल्या काळात बाराचंच. सहा, बारा, पंधरा असे आकडे दिसले तर छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करू नका.

*लांबी.* हा आकडा आला कुठून, हा पहिला प्रश्न. साखळीने मोजला, पावलांनी मोजला, की अंदाजाने लिहिला? सुरुवातीच्या ब्रिटिश नोंदींत 'फेरी सुमारे तीन मैल' अशी भाषा असते. तीन मैल म्हणजे ५,२८० यार्ड, पण ते गणित करून वहीत ५,२८० लिहिलंत तर मूळ नोंदीत नसलेली अचूकता तुम्ही तिच्या माथी मारली. ६,००० किंवा ५,५०० असे गोल आकडे संशयाने बघा. ४,४२३ सारखा आकडा आला तर कोणीतरी खरंच मोजमाप केलेलं असण्याची शक्यता जास्त. १८९६ च्या यूएस ओपनच्या वेळची शिनेकॉकची ही लांबी आहे. आजच्या शिनेकॉकशी तिचा फारसा संबंध नाही, कारण आत्ताचं मैदान विल्यम फ्लिन यांचं, १९३१ चं.

लांबी कोणत्या वर्षी वाढली हेही बोलकं असतं. रबराचा धागा गुंडाळलेल्या हॅस्केल चेंडूचं पेटंट १८९९ चं. १९०२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला सँडी हर्ड यांनी तोच चेंडू वापरून ब्रिटिश ओपन जिंकली आणि मग सगळीकडे तो पसरला. चेंडू लांब जाऊ लागला, मैदानं अपुरी पडू लागली. १९०२ नंतरच्या काही वर्षांत एखाद्या नोंदीत पाचसहाशे यार्डांची उडी दिसली तर टीज (पहिला फटका मारायच्या जागा) मागे सरकवल्या असतील, जमीन घेतली असेल किंवा मैदान नव्याने आखलं असेल. तीन शक्यता, तिन्ही तपासण्याजोग्या.

*बोगी आणि पार.* जुन्या ब्रिटिश नोंदींतली बोगी म्हणजे चांगल्या हौशी खेळाडूने करावा असा स्कोअर. ती पद्धत १८९०-९१ च्या सुमारास रुजली. अमेरिकेत यूएसजीएने (तिथल्या गोल्फ संघटनेने) १९११ मध्ये लांबीनुसार पारचे, म्हणजे एका होलसाठी अपेक्षित फटक्यांचे, टप्पे ठरवले: २२५ यार्डांपर्यंत तीन, ४२५ पर्यंत चार, ६०० पर्यंत पाच, त्यापुढे सहा. बोगी ८० असलेलं मैदान आजच्या पार ७२ च्या मैदानाहून अवघड होतं, असा निष्कर्ष काढू नका. दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत.

*आखणी कोणाची.* बहुतेक डिरेक्टऱ्यांत हा रकानाच नसतो. वर्णनात ओझरता उल्लेख आला तर तो जपून घ्या. स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू टॉम मॉरिस दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च घेऊन मैदानं आखायचे. कित्येकदा एकदोन दिवसांत खुंट्या ठोकून ते परतीची गाडी पकडत. 'मॉरिस यांनी आखलं' हे खरं असलं तरी गवत कोणी लावलं, ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) कोणी बांधले, दोन वर्षांनी बंकर (वाळूचे खड्डे) कोणी हलवले, हे त्यात येत नाही. शिनेकॉकचं श्रेय कित्येक वर्षं विली डन यांना दिलं जायचं. मूळ बारा होल आखले होते मॉंट्रियलहून आलेल्या विली डेव्हिस यांनी.

*स्टेशन, अंतर, सेक्रेटरी, ग्रीनकीपर.* इतिहास लिहिणारे या रकान्यांकडे ढुंकून पाहत नाहीत आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात. इथे कोणाला बढाई मारायची नसते. पत्र पोचायला हवं, पाहुण्याला गाडी मिळायला हवी, म्हणून ही माहिती खरी असण्याकडे कल असतो. 'स्टेशन अर्धा मैल' असं सलग पाच वर्षं लिहिलेल्या नोंदीत सहाव्या वर्षी 'स्टेशन दोन मैल' आलं, किंवा स्टेशनचं नावच बदललं, तर क्लब नव्या जमिनीवर गेला असण्याची दाट शक्यता आहे. नवीन स्टेशन उघडलं असेल तरही आकडा बदलतो, म्हणून त्या मार्गाचा इतिहास लगोलग बघून घ्या. स्थापनेचं साल, होलची संख्या, सगळं तेच राहतं आणि मैदान बदलल्याची खबर फक्त हा रकाना देतो.

चौथी पायरी: मालिका वाचा

मिळतील तितक्या वर्षांच्या नोंदी एका तक्त्यात उतरवा. उभ्या बाजूला वर्षं, आडव्या बाजूला रकाने. जे जसं छापलंय तसंच लिहा, चुकीचं स्पेलिंगही तसंच ठेवा. मग जिथे एखादा आकडा बदलतो त्या जागेवर रंग भरा.

सलग सात वर्षं एका अक्षराचाही फरक नाही, तर ती सात वर्षांची साक्ष नाही, पहिल्या वर्षाचीच साक्ष सात वेळा छापली आहे. ज्या वर्षी सेक्रेटरी बदलतो त्या वर्षी बहुधा लांबी, फी, वर्णन सगळं एकदम ताजं होतं. अशा ताज्या झालेल्या नोंदींनाच वजन द्या.

नावातले बदलही तारीख ठरवायला उपयोगी पडतात. रॉयल मॉंट्रियल क्लब १८७३ चा, 'रॉयल' १८८४ पासून. हॉयलेकचा लिव्हरपूल क्लब १८६९ चा, 'रॉयल' १८७१ पासून. तारीख नसलेल्या एखाद्या कागदावर कोणतं नाव आहे त्यावरून तो कधीच्या आधीचा किंवा नंतरचा हे सांगता येतं.

पाचवी पायरी: डिरेक्टरीच्या बाहेर या

ब्रिटनसाठी पहिला दरवाजा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांचा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे सहा इंची आणि पंचवीस इंची (मैलाला तितके इंच) नकाशे तिथे फुकट बघता येतात. क्लब हाउस कुठे होतं, रस्ता कुठून जात होता, हे त्यावर दिसतं. नकाशाच्या कडेला पाहणीचं आणि छपाईचं साल वेगळं दिलेलं असतं. तुम्हाला पाहणीचं साल हवं आहे. हवाई छायाचित्रांसाठी 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह'वर १९१९ पासूनची एरोफिल्म्स कंपनीची छायाचित्रं आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फिया परिसरासाठी हॅगली लायब्ररीतला डॅलिन संग्रह अप्रतिम आहे. बंकरची रांग एकदा फोटोत दिसली की वर्णनांवरचे वाद मिटतात.

वर्तमानपत्रं आणि मासिकं हवीतच. अमेरिकेतली जुनी वर्तमानपत्रं 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर, गोल्फची मासिकं एलए८४ फाउंडेशनच्या संग्रहात. उद्घाटनाची बातमी सापडली तर डिरेक्टरीतल्या सालापेक्षा ती वरचढ. मात्र 'मैदान लवकरच तयार होणार' ही बातमी म्हणजे मैदान तयार झाल्याचा पुरावा नव्हे. पैसे संपल्यामुळे कागदावरच राहिलेली मैदानं थोडीथोडकी नाहीत.

कधीकधी पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी असतो. फिलाडेल्फियाच्या मेरियन क्लबबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की ह्यू विल्सन १९१० मध्ये ब्रिटनला जाऊन तिथली मैदानं अभ्यासून आले आणि मग त्यांनी ईस्ट कोर्स आखला. जहाजांच्या प्रवासी याद्या चाळल्यावर त्यांचा प्रवास १९१२ च्या वसंतातला निघाला. मैदानाचं काम १९११ मध्येच सुरू झालं होतं आणि सप्टेंबर १९१२ मध्ये ते उघडलं. ही माहिती कोणत्याही डिरेक्टरीतून कधीच मिळाली नसती.

महायुद्धांची वर्षं वेगळी तपासा. टर्नबेरीला गोल्फ १९०१ पासून आहे, पण दोन्ही युद्धांत तिथे विमानतळ झाला. आजच्या एल्सा कोर्सचा पाया मॅकेंझी रॉस यांनी नव्याने आखून १९५१ मध्ये उघडलेल्या मैदानात आहे. नाव तेच, गाव तेच, स्थापनेचं साल तेच, म्हणून मैदानही तेच असं गृहीत धरलं की फसलो.

सहावी पायरी: नोंद नसण्याचा अर्थ

डिरेक्टऱ्या मुळात क्लबांच्या असत, मैदानांच्या नसत. त्याचे दोन परिणाम होतात. एका मैदानावर अनेक क्लब खेळत. मसलबरोच्या नऊ होलवर एकेकाळी एडिनबर्ग परिसरातले चार नावाजलेले क्लब खेळायचे. नोंदी मोजून 'अमुक साली इतकी मैदानं होती' असं लिहिलंत तर आकडा फुगतो. दुसरीकडे हॉटेलचं छोटं मैदान, जमीनदाराच्या इस्टेटीतले सहा होल, यांना सेक्रेटरीच नसे, मग पत्राला उत्तर कोण देणार? म्हणून नोंद सापडली नाही एवढ्यावरून मैदान नव्हतं असं म्हणू नका.

आपल्याकडे शोधताना

भारतातल्या मैदानांसाठीही हीच शिस्त. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. पण सुरुवात दमदमला झाली आणि आजचं मैदान टॉलीगंजला आहे. '१८२९' हे टॉलीगंजच्या गवताचं वय नव्हे.

मुंबईसाठी १८४२ हे साल सर्रास दिलं जातं. त्या काळी मुंबईत गोल्फ मंडळ होतं याला डिरेक्टरीबाहेरचा चांगला आधार आहे. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत 'बॉम्बे मेडल' दिलं जातं, ते मुंबईच्या मंडळाने १८४० च्या दशकात भेट दिलेलं. या पदकावरून मंडळ होतं हे कळतं, ते शहरात नेमकं कुठे खेळायचं हे मात्र त्यावरून कळत नाही. आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. शहर एक म्हणून त्याला १८४२ च्या मंडळाचा वारस ठरवू नका.

नाशिककरांना गोल्फ क्लब मैदान माहीत आहे. आता ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे आणि तिथे क्रिकेट चालतं, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव टिकलं. असं नाव हा शोध सुरू करायचा चांगला धागा असतो. त्यावरून साल किंवा हद्द ठरवता येत नाही. त्यासाठी १८८५ पासून कलकत्त्याहून निघू लागलेली 'थॅकर्स इंडियन डिरेक्टरी', त्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रं आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे एकमेकांशेजारी ठेवावे लागतील.

शेवटची पायरी: लिहिताना

प्रत्येक विधानामागे कोणता खंड, कोणतं पान आणि माहिती कोणत्या वर्षीची, हे लिहा. 'मैदान १८९३ मध्ये बांधलं' असं लिहिण्याऐवजी '१८९५ च्या खंडात क्लबच्या स्थापनेचं साल १८९३ दिलं आहे' असं लिहा. वाक्य लांबतं, पण पुढच्या अभ्यासकाला तुम्ही काय पाहिलं आणि काय अनुमान केलं हे वेगळं दिसतं. दोन खंडांत विसंगती असेल तर दोन्ही आकडे द्या आणि तुम्ही कोणता का निवडला ते एका ओळीत सांगा. क्लबच्या स्मरणिकेसाठी लिहित असाल तर 'सर्वात जुनं' हा शब्द घालण्याचा आग्रह हमखास होईल. त्या वेळी तीन रकान्यांचा तक्ता समितीपुढे ठेवा आणि विचारा: जुना क्लब, जुनी जमीन, की जुनी मांडणी? ज्याला आधार असेल तेवढंच छापा.